खळ्यातलं टेनिस

माहेरच्या रानात यंदा ऊस तुटून गेला, पाचट पेटवलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचले. धूर बसला होता, पण जमीन अजून तळपायाला ऊन लागत होती. भाचा ट्रॅक्टर थांबवून वैतागून खाली उतरला. "आत्ती, हितं फाळच धरत न्हाई बग. दरसाल ह्यो तुकडा असाच. खाली खडक हाय का काय, देव जाणं."

खडक नाही. मी वाकून एक ढेकूळ उचललं आणि नखाने खरवडलं. राख, माती, आणि खाली दगडासारखा घट्ट पापुद्रा. त्या ढेकळाखाली टेनिसचं कोर्ट आहे असं मी त्याला सांगितलं असतं, तर म्हातारी चळली म्हणून त्याने मला सावलीला नेऊन बसवलं असतं. मला तसं नेऊन बसवलेलं आवडत नाही. म्हणून त्याला काही बोलले नाही, इथे सांगते.

आमच्या घराण्याच्या तीन पात्या, म्हणजे शाखा. थोरली आमची, धाकटी रंगरावची, आणि मधली सुभेदार तात्यांची. रानंही तशीच ओळीने लागलेली, तात्यांचं मधोमध. थोरल्या आणि धाकट्या पातीत वैर कशावरून पडलं ते मला विचारू नका. बांधावरून म्हणतात, आणि बांधावरून म्हटलं की आष्टा-इस्लामपूरच्या मुलखात कुणी पुढे विचारत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी लहान असताना रंगरावच्या बापाने, म्हणजे माझ्या भावकीतल्या चुलत्याने, माझ्या बापाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. बाप बांधावरच गेला. चुलत्याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगात तापाने मेला. दोन्ही घरं उघडी पडली. तरी गावाचं म्हणणं असं, की धाकट्या पातीने वार केला आणि थोरल्या पातीचा वार अजून राहिलाय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आमच्याकडे नुसतं म्हणायचं नसतं, करून दाखवायचं असतं.

माझा भाऊ, दादा, मिसरूड फुटायच्या बेताला आला तसं आईने एक नेम धरला. रोज संध्याकाळी त्याच्या ताटात भाकरी टाकली की ती त्याच्यासमोर बसायची आणि स्वतःच्या भांगावरून कानामागेपर्यंत बोट ओढायची. "हितनं हितपातुर गेली हुती. मेंदू दिसत हुता." मग ती कालवण वाढायची. दादा मान खाली घालून जेवायचा. वांग्याच्या कालवणाचा वास आला की आजही माझ्या डोळ्यांसमोर आईचं ते बोट फिरतं आणि माझी भूक जाते.

पहिली मोठी लढाई संपली आणि सुभेदार तात्या पेन्शनीवर घरी आले. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको प्लेगात गेलेली. बरोबर एक पत्र्याची पेटी होती. ती उघडली तेव्हा अख्खं गाव जमलं होतं, की तात्यांनी लढाईवरून, पार मिसर देशातून काय आणलंय. आत दोन बॅटी निघाल्या, लाकडी, तारा तुटलेल्या, आणि टक्कल पडलेले चेंडू. छावणीत त्यांच्या साहेबाला जोडीदार मिळेना, तेव्हा त्याने तात्यांना हा खेळ शिकवला होता. गाव नाक मुरडून परत गेलं. तात्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी आष्ट्याहून पिंजारी बोलावला. कापूस पिंजायच्या धनुकलीला आतड्याची तात असते, तीच त्याने दोन्ही बॅटींना ओढून बसवली. बोटाने छेडली की ती गुणगुणायची.

आणि जागा कुठली? तर खळं. शाळू जोंधळ्याच्या मळणीला तात्यांच्या रानात केलेलं, मुरूम घालून, पाणी मारून, बैलांच्या पायांनी तुडवून दगड झालेलं. खळं असतं गोल. तात्यांनी ते दोन्ही अंगाला ओढून लांबट केलं. मळणीचा हंगाम सोडला तर वर्षातले बरेच महिने ते मोकळंच असायचं. मधे बांधायला जाळं हवं म्हणून कृष्णेवरच्या भोयाकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं. त्याचा वास असा, की पहिल्या दिवशी गावातली सगळी मांजरं खळ्यावर हजर. आई संतापली. "जिथं रास लागती तिथं मासळीचं जाळं? लक्ष्मी नांदंल का?" पण खळ्याचा एक नियम तात्यांनी कधी मोडू दिला नाही. खळ्यात पायताण घालून जायचं नाही. त्यामुळे आम्ही सगळे टेनिस अनवाणी खेळलो.

ते सारवायचं काम बायकांचं. आमच्या अंगाची बाजू आम्ही सारवायची, त्यांच्या अंगाची त्यांनी. वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड न बघितलेल्या त्या दोघी, माझी आई आणि रंगरावची आई, आमची धाकटी काकी, पाठीला पाठ करून शेणकाला ओढत यायच्या. हाताच्या कमानी उमटत जायच्या. जाळ्याजवळ आल्या की दोघीही थांबायच्या, कारण दुसरीच्या शेणाला हात लावायचा नव्हता. जाळ्याखालची एक पट्टी तशीच कोरडी राहायची. मग तात्या, पलटणीतला सुभेदार, गुडघ्यावर बसून स्वतः ती पट्टी सारवायचे. सकाळी हिरवं असलेलं खळं दुपारी पिवळं व्हायचं, आणि चेंडू आपटला की शेणाचा, भुशाचा आणि उन्हाचा असा काही वास उठायचा की काय सांगू. नंतर मी लग्न होऊन शहरात गेले, साहेबलोकांची हिरवळीची कोर्टं पाहिली. त्यांना कसलाच वास नव्हता.

आता या दोन घरच्या पोरांना, दादाला आणि त्याच्याच वयाच्या रंगरावला, तात्यांनी एका खळ्यावर आणलं कसं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. हुकूम केला. "भांडायचंच हाय न्हवं? मग मधी जाळं बांधून भांडा. हत्यारं लिंबाखाली ठेवा आन् या." आणि दोघं आली, कारण न येणं म्हणजे भ्यालो म्हणणं. पहिल्या दिवशी चुन्याने आखणी चालली होती. दादाला वाटलं, जाळं आपल्या अंगाला सरकलंय. त्याने ते हातभर पलीकडे ढकललं. रंगराव धावत आला आणि त्याने ते दोन हात अलीकडे ढकललं. आमचे चुलते त्यांच्यावर, त्यांचे मामा आमच्यावर, आईमाईचा उद्धार सुरू झाला. प्रत्येकाला आपली बाजू मोठी हवी. शेवटी रंगरावच्या मामाने जोर करून जाळं ढकललं आणि धाकट्या पातीला भलंमोठं रान मिळवून दिलं. तात्या लिंबाला टेकून हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"गाढवांनो, ह्या खेळात ज्येचं रान मोठं त्यो मरतो. समदं त्येलाच राखावं लागतं!"

ते कुणाच्या डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा उलटंच घडलं. दोन्ही बाजू आपापल्या अंगाच्या रेघा रोज चार बोटं आत कोरायला लागल्या. बांध कोरायची जन्माची सवय, ती जाणार कुठे? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. रेघेवर पडलेल्या चेंडूवरून तर पहिल्याच आठवड्यात डोकी फुटायची वेळ आली. साहेबाच्या नियमाने रेघेवरचा चेंडू आत. आमच्या लोकांना ते मान्य नव्हतं. बांध दोघांचा असतो, त्यावर पडलेलं कुणा एकाचं कसं? तात्या हरले. आमच्या खळ्यावर रेघेवर पडलेला चेंडू पुन्हा खेळायचा, असं ठरलं.

खेळ संपला की तात्या लिंबाखाली बसून त्याची कुळकथा सांगायचे. ती त्यांना साहेबाने सांगितलेली, आणि त्यात तात्यांनी आपला मीठमसाला घातलेला. पार तिकडे, विलायतेच्याही पलीकडे, मठातले जोगी भिंतींच्या चौकात उघड्या तळहाताने चेंडू मारायचे. मग राजेलोकांना नाद लागला. हात सुजायला लागले तसं कातडं गुंडाळलं, मग लाकूड आलं, मग आतड्याची तात. एक राजा असा खेळला, असा खेळला की अंगाची लाही झाली, वरून गार पाणी प्याला आणि मेला. "त्येच्या भावानं पाजलं आसंल," रंगराव म्हणाला, आणि दादा पटकन हसला. तेवढं एकदाच मी त्या दोघांना एका गोष्टीवर हसताना पाहिलं. आईला मी ही तळहाताची गोष्ट घरी सांगितली. ती म्हणाली, "गोऱ्यांनी तळहातानं चेंडू मारला त्येचं कवतिक. आमी जलमभर शेण थापतोय, आमची कुणी गोष्ट सांगितली न्हाई."

फायदे तर तात्या रोज पढवायचे. छाती रुंद होते, नजर तिखट होते, पायाला डोकं येतं. आणि मुख्य म्हणजे, "राग घामावाटं निघून जातो गड्या." मी हे काही मानत नाही. मलाही त्यांनी खेळायला लावलं होतं. लुगड्याचा काचा घट्ट मारून मी उभी राहायचे, आणि पहिल्यांदा चेंडू बॅटीच्या मधोमध बसला तेव्हा हातातून खांद्यापर्यंत जो झटका गेला, त्याने मला इतका आनंद झाला की मी ओरडले. कुणाला तरी मारल्याचा तो आनंद होता, उगाच खोटं कशाला बोलू? पलीकडून रंगराव म्हणाला, "आक्के, मनगाट सोड की जरा. दगूड फेकतीस व्हय?" माझ्या बापाला मारणाऱ्याचा मुलगा मला मनगट कसं सोडायचं ते शिकवत होता, आणि मी शिकत होते. राग घामावाटे जात नाही. फार तर त्याला वळण लागतं.

आणि त्यांच्या रागाला लागलेलं वळण भलतंच होतं. नियम असा, की चेंडू जमिनीला लागायच्या आधी अंगाला लागला तर ज्याच्या अंगाला लागला त्याचा डाव गेला. हे कळल्यापासून दादा आणि रंगराव मोकळ्या जागेत मारेनात, अंगावरच मारायला लागले. छातीवर, मांडीवर, गळ्यावर. टक्कल पडलेला चेंडू उघड्या अंगावर बसला की चपराक मारल्यासारखा आवाज व्हायचा. लोक त्या आवाजासाठी खेड्यापाड्यांतून यायला लागले. आमच्या घरी दादाच्या बरगड्यांना आंबेहळद लागायची, तिकडे काकी रंगरावच्या पाठीला लावायची. दोन्ही घरांत तोच पिवळा वास. आई लेप लावता लावता विचारायची, "त्येला किती बसलं?" दादाने सांगितलं की तिचा हात हलका व्हायचा.

एका वर्षीचा तो खेळाचा शेवटचा दिवस होता. शाळू कापणीला आला होता. उद्यापासून खळं उकरून मधे तिवडा, बैल बांधायचा खांब, पुरायचा आणि मळणीची तयारी धरायची. त्याच सकाळी आमची पाण्याची पाळी असताना कुणीतरी पाट फोडला, आणि पाणी धाकट्या पातीच्या गव्हात गेलं. दुपारी आईने दादाला भाकरी वाढली नाही. ती म्हणाली, "आज खेळाया जाशील तवा बापाला इचारून जा."

संध्याकाळी त्या दिवशी कुणी कुऱ्हाडी लिंबाखाली ठेवल्या नाहीत. आमचे लोक आमच्या अंगाला, त्यांचे त्यांच्या अंगाला, खळ्याच्या कडेला हत्यारं खांद्यावर घेऊन उभे राहिले. "हत्यारं झाडाखाली!" तात्या ओरडले. कुणी हललं नाही. तात्यांचा आवाज मी पहिल्यांदाच फाटलेला ऐकला. मला कळलं, की आज माझा भाऊ कुणाला तरी मारील किंवा मरील. मी जाळ्याच्या खांबाला धरून उभी राहिले.

खेळ सुरू झाला. रंगराव एक चेंडू उचलायला धावत जाळ्यापर्यंत आला, त्याने तो कसाबसा पलीकडे टाकला, आणि दादाने पुढे येऊन सगळ्या ताकदीने मारला. आवाज वेगळा आला. रंगराव खाली बसला. तोंडावर धरलेल्या पंजाच्या बोटांतून रक्त आलं आणि सकाळीच सारवलेल्या जमिनीवर ठिबकायला लागलं.

दादाने मुद्दाम मारला का? मी दहा पावलांवर होते आणि मला सांगता येत नाही. दादालाही सांगता आलं नसतं.

"डोळा फोडला! माझ्या लेकराचा डोळा फोडला!" काकी किंचाळली. धाकटी पाती खळ्यात शिरली, पायताणांसकट. आमचे लोकही शिरले. तात्या हात पसरून मधे उभे राहिले, तर कुणीतरी त्यांना ढकलून पाडलं. रंगरावच्या मामाने कुऱ्हाड वर उचललेली मी पाहिली. दादा हलला नाही. बॅट त्याच्या हातातून गळून पडली होती.

"थांबा!" रंगराव उठला होता. तो मामाकडे न बघता तात्यांकडे बघत होता. "तात्या, चेंडू अंगाला लागला. डाव कुणाचा?"

तात्या जमिनीवरूनच दादाकडे बोट करून म्हणाले, "त्येचा."

"मग मोजा की." मग तो आपल्या लोकांकडे वळला. "पायताण घालून खळ्यात आलाय. भायेर व्हा."

"डोळा गेला रं तुझा!" मामा म्हणाला.

"माझा गेलाय न्हवं? माझा मी बगीन. खेळ चालू हाय." त्याने डोक्याचा पटका सोडला आणि डोळ्यावरून तिरका आवळून बांधला. पटका बघता बघता लाल झाला. मामा मागे सरला, पण खळ्याच्या कडेलाच थांबला. कुऱ्हाड अजून हातात होती.

दादाने बॅट उचलली आणि चेंडू टाकला तो अगदी हळू, लहान मुलाला टाकावा तसा. रंगरावची बॅट चेंडूपासून वीतभर लांबून गेली, एका डोळ्याने त्याला अंतर कळेना. दादाने दुसरा त्याहून हळू टाकला. तेव्हा रंगराव जाळ्याजवळ आला. मी तिथेच होते म्हणून मला ऐकू आलं. तो दातांवर दात धरून बोलत होता.

"मार. नीट मार. हळू मारलास तर ही मानसं समजत्याल, तू जाणून केलंस. मंग तुला सोडायची न्हाईत. आन् मला त्येंच्यासंगं यावं लागंल. मार म्हंतो न्हवं!"

दादा तसाच उभा. मग मीच ओरडले. "दादा, मार! मार त्येला!" सगळ्या गावाने माझ्याकडे वळून पाहिलं. बाईमाणसाच्या तोंडी असलं ऐकून त्यांना काय वाटलं असेल ते असो. दादाने मारला. रडत रडत, घशातून आवाज काढत, होता नव्हता तेवढा जोर लावून तो मारत राहिला. रंगराव धडपडत होता, पडत होता, उठून उलट मारत होता, आणि त्यातले एकदोन त्याने जिंकलेही. कडेची माणसं हळूहळू खेळ बघायला लागली. कुऱ्हाडी खांद्यावरून खाली आल्या, मग दांड्यावर हात टेकून लोक उभे राहिले. खेळ संपला. तात्यांनी सांगितलं, "थोरली पाती." मामाने थुंकून कुऱ्हाड काखेत मारली आणि तो घराकडे चालू लागला.

रंगराव पुढे पुष्कळ जगला. पलटणीत जायची त्याची फार इच्छा होती, ती राहून गेली. दादा आणि तो पुढे मित्र झाले, असं काही मी सांगणार नाही. लग्नाकार्यात एका पंगतीला बसायचे, पण लांब लांब. बांधावरून शिव्यागाळही चालायची. पण त्यानंतर आमच्या भावकीत कुणाचं डोकं फुटलं नाही. कॅनॉल आला, शाळू गेला, ऊस आला, खळी मोडली. मळणीला यंत्रं आली. तात्या गेले तेव्हा त्यांच्या बॅटींची तात उंदरांनी खाल्लेली होती; त्यांचं रान दोन्ही पात्यांत वाटलं गेलं आणि खळ्याचा तुकडा आमच्याकडे आला. भाचा आता फाळ बदलून आणायला आष्ट्याला गेलाय आणि मी या ऊन जमिनीवर उभी आहे, पण मला जे राहून राहून दिसतंय ते खेळाच्या नंतरचं आहे.

रंगरावला मिरजेच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. धाकट्या पातीची गाडी बाजाराला गेलेली. आमची दारात उभी होती. दादाने कुणाला न विचारता बैल जुंपले, गाडीत कडबा पसरला, ती खळ्यापाशी आणली, काकी आत चढली आणि रंगरावचं डोकं तिने मांडीवर घेतलं. मिरजेचा रस्ता आमच्या दारावरूनच. आई बातमी ऐकून बाहेर आली होती आणि रस्त्याच्या मधोमध बैलांसमोर उभी होती.

"त्येच्या बापानं तुझ्या बापाला हितनं हितपातुर..." तिने भांगावर बोट ठेवलं. "आन् तू त्येला गाडीत घालून नेतोस?"

"आई, बाजूला व्हय."

"माझ्या अंगावरनं ने."

दादाने आसूड उचलला. "नेईन. देवाशपथ अंगावरनं नेईन, आई. बाजूला व्हय." तो नेणार, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. आईलाही कळलं असावं, पण ती हलली नाही. मी धावत जाऊन तिला दोन्ही दंडांना धरलं आणि ओढलं. ती माझ्याहून ताकदवान होती. तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला, रक्त निघालं, तरी मी सोडलं नाही. आम्ही दोघी फुफाट्यात पडलो आणि गाडीचं चाक आईच्या पदराच्या टोकावरून गेलं.

गाडी लांब गेली. घुंगरांचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू येत राहिला. आई तशीच धुळीत बसून होती. मग तिने माझा हात ओढून घेतला आणि पदराने मनगटावरचं रक्त पुसायला लागली. पुसता पुसता, वर न बघता, तिने विचारलं, "डोळा ऱ्हाईल का गं त्येचा?"